पद गेले की घर गेले: बातमीत कोणता शब्द कधी लिहावा

प्रश्न फोंडा तालुक्यातल्या एका तरुण वार्ताहराचा आहे. तिथल्या एका पंचायतीत सरपंचांवरचा अविश्वास ठराव संमत झाला आणि त्यांनी बातमीला ‘सरपंच पदच्युत’ असा मथळा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच सरपंचांच्या घरून फोन आला, ‘आमच्या माणसाने चोरी केली होती की काय?’ आपले चुकले कुठे, आणि पायउतार, हकालपट्टी, बरखास्त, बडतर्फ, निलंबित, अपात्र, तडीपार, हद्दपार, बेदखल या शब्दांतला फरक कसा ओळखायचा, असे ते विचारतात. गोव्यातल्या मराठी दैनिकांच्या बातम्या तपासण्यात माझी नोकरी सरली. या शब्दांवरून रात्री उशिरापर्यंत वाद घातले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरच्यांना राग आला तो बरोबरच होता. ‘पदच्युत’ शब्दाला दोषाचा वास आहे. राजा पदच्युत होतो तो उठावात किंवा अपराधापायी. सरपंचांवर कोणताही आरोप सिद्ध झाला नव्हता. पंचांचे बहुमत त्यांच्या बाजूला राहिले नाही, एवढेच घडले होते. अशा बातमीत शब्द शोधण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. काढणारा कोण, आणि काढल्यावर त्या माणसाकडे काय उरले? ही उत्तरे हाती आली की बहुतेक वेळा शब्द आपोआप सुचतो. ती मिळाली नसतील तर कितीही वजनदार शब्द वापरा, बातमी पोकळच राहते.

सरपंचांचेच पाहू. गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. अविश्वास ठरावासाठी खास बैठक बोलवावी लागते, आणि ठराव संमत व्हायला पंचायतीच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. ‘एकूण’ हा शब्द नीट धरा. सात पंचांच्या पंचायतीत बैठकीला पाचच आले आणि तिघांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले, तर त्या खोलीत बहुमत झाले, पण ठराव पडला. चार मते लागतात, बाकीचे घरी बसले असले तरी. ठराव संमत झाला की सरपंचपद जाते, पंचपद राहते. तो माणूस पुढच्या बैठकीला त्याच टेबलाशी बसतो, मतदान करतो, आणि महिन्याभरात वारे फिरले तर पुन्हा सरपंचही होतो. म्हणून मथळा सरळ द्यावा: ‘सरपंचांवरील अविश्वास ठराव चार विरुद्ध तीन मतांनी संमत’. आकडाच सगळे सांगतो, विशेषणाची गरज पडत नाही.

आपल्याकडे आणखी एक प्रकार आहे, त्यात वार्ताहर हमखास फसतात. निवडून आल्या आल्या पंच आपसांत ठरवतात की अडीच वर्षे एकाने सरपंच व्हायचे, अडीच वर्षे दुसऱ्याने. मुदत भरली की पहिला राजीनामा देतो. याला ‘पायउतार’ म्हणायला हरकत नाही, कारण त्या शब्दात पाऊल स्वतःचे असते, मग मागून रेटा असो वा नसो. पण ‘हटवले’ लिहिले तर ते खोटे. पहिला शब्दाला जागला नाही आणि त्याच्यावर ठराव आणावा लागला, तर मात्र ‘पायउतार’ चालणार नाही. पणजीच्या महापौरांचेही असेच. तिथे महापौरपदाची मुदतच एक वर्षाची आहे. वर्ष संपून नवा महापौर आला तर ‘महापौर बदलले’ लिहा. ‘पद गमावले’ लिहिलेत तर वाचक घोडेबाजार शोधू लागतो.

‘अपात्र’ मात्र वेगळ्याच जातीचा शब्द. अविश्वासाने खुर्ची जाते. अपात्र ठरल्यावर सदस्यत्वच जाते, आणि तो निर्णय सहकाऱ्यांच्या मतांवर नसतो. कायद्याने नेमलेला अधिकारी किंवा सभापती तो देतो. या शब्दाबद्दल गोव्याच्या पत्रकाराने अधिक सावध असायला हवे, कारण पक्षांतरबंदीचा एक मोठा निवाडा आपल्या विधानसभेतून गेला आहे. १९९०-९१ च्या उलथापालथीत सभापतींनी रवी नाईक यांना आणि मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) संजय बांदेकर, रत्नाकर चोपडेकर या आमदारांना अपात्र ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९४ च्या निवाड्यात न्यायालयाने म्हटले की पक्षाचे सदस्यत्व ‘स्वेच्छेने सोडणे’ आणि ‘राजीनामा देणे’ या एकच गोष्टी नव्हेत; राजीनामा न देताही एखाद्याच्या वागण्यावरून त्याने पक्ष सोडला असे ठरवता येते. बांदेकर आणि चोपडेकर यांची अपात्रता कायम राहिली, नाईक यांची रद्द झाली. पुढे देशभर पक्षांतराच्या कितीतरी खटल्यांत या निवाड्याचा आधार घेतला गेला. तेव्हा ‘आमदाराने पक्ष सोडला’ आणि ‘आमदाराने पक्षाचा राजीनामा दिला’ ही दोन वाक्ये चहा पिता पिता एकमेकांच्या जागी टाकायची नाहीत. एका शब्दावर आमदारकी जाते, हे पणजीत घडून गेले आहे.

‘हकालपट्टी’ ही पक्षाची. पक्षाने आमदाराची हकालपट्टी केली म्हणून आमदारकी जात नाही. तो सभागृहात बसतच राहतो. आपल्या बातम्यांत मात्र ‘हकालपट्टी’च्या खालच्या ओळीत ‘माजी आमदार’ आलेले मी पाहिले आहे. तो माजी नसतो. त्याच्या मतदारांना ते कळले पाहिजे, कारण उद्या काम पडले तर ते त्याच्याच दारात जाणार आहेत.

आता सरकारे. आमच्या पिढीच्या पत्रकारांनी गोव्यात सरकार जाण्याचे बहुधा सगळे प्रकार पाहिले आहेत, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळे क्रियापद लागते. १९७९ साली शशिकलाताई काकोडकरांचे सरकार गेले, ते मगोचेच आमदार फुटल्यामुळे. ते कोसळले, गडगडले. बरखास्त झाले नाही. १९९४ च्या एप्रिलमध्ये राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांचे सरकार बरखास्त केले आणि रवी नाईक यांना शपथ दिली. केंद्राला न विचारता उचललेले ते पाऊल होते. राज्यपालांनाच पद सोडावे लागले आणि आठवड्याच्या आत डॉ. डिसोझा मुख्यमंत्रिपदावर परतले. यात ‘बरखास्त’ बरोबर आहे, कारण राज्यपालांच्या आदेशाने अख्खे मंत्रिमंडळ गेले. बरखास्त मंडळ होते, समिती होते, सभा होते. बडतर्फ एकटा माणूस होतो. ‘मुख्यमंत्री बरखास्त’ किंवा ‘सरकार बडतर्फ’ हे कानालाच खटकायला हवे.

२००५ चे प्रकरण तर शब्दांची कसोटीच होती. जानेवारीच्या शेवटी चार आमदारांनी राजीनामे दिले आणि मनोहर पर्रीकरांचे सरकार डळमळले. २ फेब्रुवारीला विधानसभेत विश्वासदर्शक ठराव आला. मतदानाआधी सभापती विश्वास सातारकर यांनी एका अपक्ष आमदाराला बाहेर काढायला लावले, आणि मग सरकारने विश्वास जिंकल्याचे जाहीर झाले. त्याच दिवशी राज्यपाल एस. सी. जमीर यांनी सरकार बरखास्त केले आणि प्रतापसिंह राणे यांना शपथ दिली. म्हणजे सभागृहाच्या नोंदीप्रमाणे सरकार जिंकले होते आणि राजभवनाच्या आदेशाप्रमाणे ते गेले होते. अशा दिवशी ‘सरकार पडले’ हे शब्द लिहिता येत नाहीत. ते पडले नव्हते, पाडले असे एक बाजू म्हणत होती, आणि मुळात ते टिकलेच नव्हते असे दुसरी. ‘राज्यपालांकडून सरकार बरखास्त’ हे एकच वाक्य दोघांनाही नाकारता आले नसते. मार्चच्या सुरुवातीला राष्ट्रपती राजवट आली आणि तिथे आणखी एक गफलत होऊ शकली असती, ‘विधानसभा बरखास्त’ लिहिण्याची. ती बरखास्त नव्हती, स्थगित होती. पोटनिवडणुका झाल्या आणि जूनमध्ये त्याच विधानसभेतून राणे पुन्हा मुख्यमंत्री झाले. विधानसभा बरखास्त झाली असती तर चाळीसही मतदारसंघांत निवडणूक लागली असती. याउलट २००२ साली पर्रीकरांनी आपणहून शिफारस केली तेव्हा विधानसभा विसर्जित झाली. आपल्या मर्जीने असेल तिथे ‘विसर्जित’ शोभतो. बाहेरून कोणी संपवली तर ‘बरखास्त’.

मंत्र्यांना काढले तर ‘वगळले’ हा सर्वांत नेमका शब्द. २०१९ च्या मार्चमध्ये मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी रातोरात भाजपमध्ये विलीन होण्याचा निर्णय घेतला आणि तिसरे, सुदिन ढवळीकर, उपमुख्यमंत्रिपदावरून गेले. जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये आले आणि पाठोपाठ विजय सरदेसाई व त्यांच्या गोवा फॉरवर्डच्या सहकाऱ्यांना मंत्रिमंडळाबाहेर जावे लागले. मथळ्यात ‘डच्चू’ येतो, येऊ द्या. दोन अक्षरांची जागा लागते आणि वाचकाला कळते. पण आतल्या मजकुरात ‘मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून मंत्रिमंडळातून वगळले’ हे एकदा तरी आलेच पाहिजे.

सरकारी नोकरांच्या बातम्यांत सर्वांत जास्त अन्याय होतो, आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते. मंत्री दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन आपली बाजू मांडतो. तलाठ्याला ती सोय नाही. समजा एखाद्या तलाठ्याला लाचेच्या आरोपाखाली अटक झाली. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा नियमांप्रमाणे ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिलेला कर्मचारी निलंबित मानला जातो. कोणी त्याची चौकशी केली म्हणून नव्हे, तो कोठडीत आहे म्हणून. निलंबन ही शिक्षा नाही. त्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो, तो नोकरीतच असतो, आणि निर्दोष ठरला तर कामावर परततो. तरी ‘लाचखोर तलाठ्याला निलंबनाची शिक्षा’ असा मजकूर नेहमी येतो. एका ओळीत दोन खोटी विधाने: लाचखोरी सिद्ध झालेली नाही, आणि शिक्षा झालेली नाही. त्याची मुले गावातल्या शाळेत जातात, हे बातमी लिहिताना डोळ्यांसमोर असू द्या.

चौकशी पूर्ण होऊन शिक्षा झाली, तरी ‘काढून टाकले’ आणि ‘बडतर्फ’ यांत फरक आहे. नोकरीतून काढून टाकलेल्याला पुढे सरकारी नोकरीचे दार बंद नसते. बडतर्फ झालेल्याला ते एरवी बंदच होते. बडतर्फी हे शेवटचे टोक. कंत्राट संपलेल्या परिचारिकेला किंवा रोजंदारीवरच्या कामगाराला ‘बडतर्फ’ म्हणू नका. त्यांची सेवा संपवली, त्यांना कामावरून कमी केले. आणि बदली झाली म्हणून अधिकारी ‘कार्यमुक्त’ झाला, तर त्यात काडीचाही कमीपणा नाही.

रंगीत शब्दांबद्दलही सांगतो, कारण ते मला आवडतात आणि ते वापरूच नका असे मी कधी म्हणालो नाही. मराठीने या कामासाठी काय काय घडवले आहे पाहा. उचलबांगडी म्हणजे हातपाय धरून माणसाला उचलून नेणे. अर्धचंद्र देणे: अंगठा आणि बोटे ताणली की हाताचा पंजा चंद्रकोरीसारखा होतो, तो मानेवर बसवायचा आणि दाराबाहेर ढकलायचे. गच्छंती हे संस्कृत क्रियापद जसेच्या तसे उचललेले. नारळ देणे म्हणजे निरोपाचा मान करून घालवणे. या शब्दांत काढणाऱ्याचा हात दिसतो, ही त्यांची ताकद. माझा नियम एवढाच की ते वरच्या माणसासाठी ठेवावेत. २०२० च्या ऑगस्टमध्ये राज्यपाल सत्यपाल मलिक यांना गोव्यातून मेघालयात पाठवले तेव्हा मथळ्यात ‘उचलबांगडी’ लिहिले तर वावगे नाही. राज्यपाल ते सोसू शकतात. मात्र मजकुरात ‘बदली’च लिहायचे, कारण आदेश बदलीचा होता, कारणे काहीही असोत. पण पालिकेच्या सफाई कामगाराला ‘नारळ दिला’ असे छापले, तर त्याच्या चुलीवर आपण हात शेकतो. ते मी माझ्या टेबलावरून कधी पुढे जाऊ दिले नाही.

आता जागेवरून काढण्याचे शब्द. तडीपार आणि हद्दपार हे जुळे वाटतात, पण नाहीत. तडीपारीचा आदेश आजच्या प्रशासनाचा असतो: अमुक मुदतीसाठी अमुक भागात पाय ठेवायचा नाही. मुदत आणि भाग बातमीत दिले नाहीत तर बातमी अर्धीच. हद्दपारी मोठी, माणसाला देशाच्या, राज्याच्या सीमेबाहेर घालवणे. १९४६ च्या १८ जूनला डॉ. राममनोहर लोहिया मडगावात सभेला उभे राहिले, त्यांना अटक झाली आणि पुढे गोव्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडले. ही हद्दपारी. त्याच गोवामुक्तीच्या चळवळीतल्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवले. मोहन रानडे यांना १९५५ मध्ये पकडले आणि पुढे पोर्तुगालला नेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते सुटले १९६९ मध्ये. १८ जून जवळ आला की या सगळ्यांना सरसकट ‘हद्दपार’ लिहिले जाते. कुन्हा आणि रानडे यांच्या बाबतीत ते अपुरे आहे. ते समुद्रापलीकडे कैदेत होते. हद्दपार केलेला माणूस निदान मोकळा असतो.

त्याहून जुनी एक गोष्ट दर जत्रेच्या पुरवणीत येते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे मोडायला सुरुवात केल्यावर कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आपण लिहितो ‘देवांचे स्थलांतर झाले’. स्थलांतर पक्षीही करतात, नोकरीसाठी माणसेही करतात. इथे देवळांचे महाजन रात्री मूर्ती घेऊन नदीपार झाले, कारण मागे राहिले असते तर मूर्ती फुटली असती. ‘देव हलवावे लागले’ लिहा. त्या ‘लागले’मध्ये सगळे येते. आणि जी कुटुंबे शेतभाट, घरदार टाकून कारवार, मंगळूरच्या बाजूला गेली, ती परागंदा झाली. हा शब्द हल्ली कोणी वापरत नाही. वापरायला हवा, त्याला दुसरा पर्याय मला सापडलेला नाही.

कुर्डीबद्दल लिहिताना ‘स्थलांतरित’ आणखी खटकतो. साळावली धरणासाठी सांगे तालुक्यातले हे गाव गेले आणि लोकांना वाडे, वालकिणी इथे वसवले. मे महिन्यात पाणी ओसरले की घरांची जोती उघडी पडतात. कुर्डीकर तिथे येतात, सोमेश्वराच्या देवळात उत्सव करतात, कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, फेस्त होते, आपले अंगण कुठे होते ते नातवंडांना दाखवतात. ही माणसे विस्थापित आहेत. ‘पुनर्वसित’ हा सरकारी कागदावरचा शब्द, आणि तो जमीन दिल्यावर लगेच खरा होत नाही. पाणी, पट्टा, शेत यांचे काय झाले ते विचारल्याशिवाय तो लिहू नये. आणि ‘धरणग्रस्त’ लिहायला संकोच कशाला? लोक स्वतःला तेच म्हणतात.

शेवटी मुंडकार, कारण तुमच्याच भागात अशा बातम्या जास्त येणार. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहिलेले कुटुंब. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे. कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज आणि तिथल्या रीतीखेरीज त्याला घराबाहेर काढता येत नाही. प्रकरण मामलेदारांपुढे चालते. भाटकाराने स्वतः येऊन वाट अडवायची, छपराचे नळे उतरवायचे, सामान अंगणात फेकायचे, ही ती रीत नव्हे. तरी पत्रक येते: ‘मुंडकार कुटुंबाचे निष्कासन करण्यात आले.’ या वाक्यात दोन पडदे आहेत. ‘निष्कासन’ने कृत्याला कायद्याचा अंगरखा चढतो आणि ‘करण्यात आले’ने करणारा नाहीसा होतो. ‘अतिक्रमण हटवले’ हेही त्याच चालीचे: हटवतात ते दगडधोंडे, आत माणसे राहत होती हे वाचकाला कळतच नाही. ‘बेदखल’ हा कुळाच्या शेतजमिनीचा ताबा गेला तर ठीक. राहत्या घराला तो थिटा पडतो.

तेव्हा अशी बातमी हाती आली की आधी मामलेदार कचेरीत जा आणि आदेश आहे का, कोणत्या तारखेचा, ते पाहा. त्या कुटुंबाची मुंडकार म्हणून नोंद आहे की दावा अजून चालू आहे, हेही विचारा; दावा चालू असेल तर ‘मुंडकार असल्याचा दावा करणारे कुटुंब’ असेच लिहावे लागेल, भाटकारावरही अन्याय नको. आदेश असेल तर ‘मामलेदारांच्या आदेशावरून घर खाली करायला लावले’ एवढे पुरे. आदेश नसेल तर ‘निष्कासन’ हा शब्द बातमीत कुठेही येऊ देऊ नका. ‘घराबाहेर काढले’ लिहा, आणि ज्याने काढले त्याला कर्त्याच्या जागी बसवा.